स्क्रिप्ट संपली, पण प्रोसेस संपत नाही: बॅकग्राउंड थ्रेड आणि प्रोग्रॅमचा शेवट

प्रश्न थोडक्यात असा: पायथनची एक स्क्रिप्ट बॅकग्राउंडला थ्रेड, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणारा कामाचा धागा, सुरू करते. मुख्य काम उरकतं, शेवटची ओळ छापली जाते, तरी प्रॉम्प्ट परत येत नाही. थ्रेडला डेमन केलं, म्हणजे शेवटी त्याची वाट पाहू नको असं सांगितलं, की स्क्रिप्ट लगेच बंद होते, पण थ्रेड ज्या फाइलमध्ये लिहीत होता तिच्या शेवटच्या ओळी गायब असतात. तेच काम रुबीत केलं तर डेमन वगैरे काहीही न सांगता थ्रेड अर्ध्यातच मारला जातो. मग बरोबर पद्धत कोणती?

मेन थ्रेड संपला म्हणजे प्रोग्रॅम संपला की नाही, हे प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलेलं आहे. पायथन वाट पाहतो, रुबी पाहत नाही, पर्ल तक्रार करून निघून जातो, आणि नोडमध्ये (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) हिशेब थ्रेडचा नसून उघड्या हँडलचा, म्हणजे चालू टायमर, सर्व्हर वगैरेंचा, असतो. त्यामुळे भाषेच्या डीफॉल्टवर विसंबू नका. थ्रेडला थांबायला सांगणं आणि तो थांबेपर्यंत मर्यादित वेळ वाट पाहणं, ही दोन्ही कामं तुमच्या कोडमध्ये असली पाहिजेत. डेमनचा ध्वज हा या कामाला पर्याय नाही. मात्र योग्य जागी वापरला तर तो मदतीला येतो, ते पुढे येईलच.

आधी पायथनमध्ये शेवट नेमका कसा होतो ते पाहू, कारण बहुतेक गोंधळ या क्रमातच आहे. मेन थ्रेडमधला कोड संपला की इंटरप्रिटर लगेच बंद होत नाही. तो थ्रेडिंग मोड्यूलमधल्या एका अंतर्गत शटडाउन फंक्शनमध्ये जातो आणि जिवंत असलेल्या प्रत्येक नॉन-डेमन थ्रेडला जॉइन करतो, म्हणजे तो संपेपर्यंत थांबतो. या जॉइनला टाइमआउट नाही. तो टप्पा पार पडल्यावर अ‍ॅटएक्झिटमध्ये (बंद होताना चालवायच्या फंक्शन्सच्या यादीत) नोंदवलेली फंक्शन्स उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटी नोंदवलेलं आधी, चालतात. त्यानंतर इंटरप्रिटर ‘आता मी बंद होतोय’ अशी खूण लावतो, मोड्यूल मोडीत काढतो आणि प्रोसेस संपते. डेमन थ्रेड यातल्या पहिल्या दोन टप्प्यांत व्यवस्थित चालू असतात. ती खूण लागली की त्यांच्यापैकी जो कोणी जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) परत घ्यायला येतो, तो तिथेच संपतो.

या क्रमातून एक सापळा तयार होतो आणि त्यात भलेभले अडकतात. नॉन-डेमन थ्रेड ‘थांब’ हा इव्हेंट, म्हणजे थ्रेडमधला सामायिक इशारा, तपासत फिरतोय, आणि तो इव्हेंट सेट करणारं फंक्शन तुम्ही अ‍ॅटएक्झिटला नोंदवलंय. वाचायला अगदी नीटनेटकं. पण अ‍ॅटएक्झिटची पाळी यायला थ्रेड संपायला हवा, आणि थ्रेड संपायला अ‍ॅटएक्झिट चालायला हवं. दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात आणि स्क्रिप्ट कायमची लटकते. याच कारणामुळे कंकरंट-फ्यूचर्स या कामगार-थ्रेडच्या लायब्ररीसाठी पायथन 3.9 मध्ये थ्रेडिंगच्या आत एक वेगळी, खाजगी नोंदणी आणावी लागली. ती जॉइनच्या आधी चालते. अंडरस्कोरने सुरू होणारं ते फंक्शन आपल्या कोडमध्ये वापरू नका, पुढच्या आवृत्तीत ते असेलच असं नाही.

आता थ्रेड डेमन करा आणि थांबवण्याचं फंक्शन अ‍ॅटएक्झिटमध्येच ठेवा. हे जुळतं. डेमनसाठी इंटरप्रिटर पहिल्या टप्प्यात थांबत नाही, थेट अ‍ॅटएक्झिटवर येतो. तिथे तुमचं फंक्शन इव्हेंट सेट करतं, पाच सेकंदांचा टाइमआउट देऊन जॉइन करतं, आणि थ्रेड अजून जिवंत असल्यामुळे आपलं काम आटोपून बाहेर पडतो. लॉगिंगच्या क्यू-लिसनरला, म्हणजे रांगेतले लॉग वेगळ्या थ्रेडवर लिहिणाऱ्या भागाला, हीच जोडणी लागते. त्याचा थ्रेड डेमन असतो. स्टॉप न बोलावता प्रोग्रॅम संपवला तर रांगेत उरलेले लॉग कुठेच लिहिले जात नाहीत. लिसनरचं स्टॉप अ‍ॅटएक्झिटला नोंदवलं की काम झालं. लॉगिंग मोड्यूल स्वतःचं शटडाउन इंपोर्टच्या वेळी नोंदवतो, म्हणजे तुमची नोंद त्याच्या नंतरची आणि म्हणून आधी चालणारी. हँडलर बंद होण्यापूर्वी रांग रिकामी होते.

नुसता डेमनचा ध्वज लावून सोडून दिलं तर काय होतं तेही जवळून पाहा, प्रश्नातल्या गायब ओळींचं उत्तर तिथेच आहे. थ्रेडच्या फंक्शनमध्ये तुम्ही फाइल उघडली आणि विथ ब्लॉकच्या आत एकेक ओळ लिहिताय. ओळ लिहिली म्हणजे ती डिस्कवर गेली असं नाही. ती आधी पायथनच्या बफरमध्ये जाते, वर्षानुवर्षं त्याचा डीफॉल्ट आकार 8192 बाइट होता. बफर भरला किंवा फाइल बंद झाली की मजकूर खाली उतरतो. डेमन थ्रेड संपवला जातो तेव्हा त्याच्या पायथन कोडमधून कोणतंही एक्सेप्शन जात नाही, म्हणून फायनली (काहीही झालं तरी शेवटी चालणारा ब्लॉक) चालत नाही, विथचा शेवट चालत नाही, आणि त्या फंक्शनमधली फाइल कोणी बंद करत नाही. बफरमध्ये जे होतं ते गेलं. ओळी लहान असतील तर शेकडोंनी जातात, आणि चाचणी करताना फाइल चक्क रिकामी दिसते. प्रत्येक ओळीनंतर फ्लश केलं, म्हणजे बफर लगेच खाली उतरवला, तर हे नुकसान कमी होतं, पण अर्धवट लिहिलेला जेसन, उघडं राहिलेलं डेटाबेस ट्रँझॅक्शन किंवा मागे राहिलेली लॉक-फाइल यांवर फ्लश हा इलाज नाही.

डेमन थ्रेड स्टँडर्ड आउटपुटवर सतत छापत असेल तर कधीकधी याहून वाईट होतं. आउटपुटच्या बफरचं कुलूप हातात असतानाच तो थ्रेड संपवला जातो, मग शेवटचं फ्लश करायला इंटरप्रिटर येतो, कुलूप मिळत नाही, आणि ‘फेटल पायथन एरर’ने सुरू होणारा संदेश येतो. त्यात बफर्ड-रायटर, स्टँडर्ड आउटपुटचं नाव आणि ‘बहुधा डेमन थ्रेडमुळे’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. प्रोसेस अबॉर्ट होते, शेलमध्ये एक्झिट कोड 134 दिसतो. हे दर वेळी होत नाही, आणि म्हणूनच सीआयमध्ये (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) पन्नासात एकदा पडणाऱ्या टेस्टच्या मागे हे असू शकतं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. पायथन 3.14 पासून अशा थ्रेडला संपवण्याऐवजी इंटरप्रिटर त्याला जागच्या जागी कायमचा गोठवतो. सी आणि सी++ एक्स्टेन्शनमधले काही क्रॅश त्याने टळतात. फायनली मात्र तरीही चालत नाही.

तर माझ्या मते डेमन दोनच ठिकाणी शोभतो: मधेच तुटला तरी काही बिघडत नाही असं काम, जसं की प्रगती दाखवणारी पट्टी किंवा कॅश ताजी ठेवणं, आणि वर सांगितल्याप्रमाणे अ‍ॅटएक्झिटमधून रीतसर थांबवला जाणारा थ्रेड. पैसे, फाइल, डेटाबेस यांना हात लावणारा थ्रेड नॉन-डेमन ठेवा आणि त्याला मेनच्या फायनलीमधून थांबवा. डेमनपणा वारशाने येतो हेही लक्षात असू द्या: डेमन थ्रेडने सुरू केलेला थ्रेड आपोआप डेमन होतो. आणि ध्वज स्टार्टच्या आधीच लावावा लागतो, नंतर लावलात तर रनटाइम-एरर येते.

थांबवण्याची रचना साधी आहे. थ्रेडच्या लूपमध्ये टाइम-स्लीप वापरू नका. त्याऐवजी थ्रेडिंग-इव्हेंटचं वेट वापरा आणि त्यालाच सेकंद द्या. साठ सेकंदांच्या स्लीपमध्ये अडकलेला थ्रेड साठ सेकंद काही ऐकत नाही. तेवढ्याच वेळाच्या वेटमध्ये बसलेला थ्रेड इव्हेंट सेट होताच उठतो. वेट ट्रू परत देतं तेव्हा थांबायचं, फॉल्स देतं तेव्हा वेळ संपली, पुढची फेरी घ्यायची. रांगेतून काम उचलणारा थ्रेड असेल तर रांगेत एक खास ‘संपलं’ मूल्य टाका, जितके कामगार तितकी मूल्यं. 3.13 पासून क्यूला स्वतःचं शटडाउन आहे, तिथे हे हाताने करावं लागत नाही.

मेनच्या बाजूला सगळं काम ट्रायमध्ये आणि फायनलीमध्ये तीन गोष्टी: इव्हेंट सेट करा, टाइमआउट देऊन जॉइन करा, आणि मग इज-अलाइव्ह विचारा. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. जॉइन नेहमी नन परत देतं, मग थ्रेड संपला असो की टाइमआउट झाला असो. इज-अलाइव्ह न विचारता पुढे गेलात तर चालू थ्रेडच्या पायाखालून डेटाबेस कनेक्शन काढून घ्याल.

मेनमध्ये एक्सेप्शन आलं तर काय, हा यातलाच भाग. ट्रेसबॅक छापला जातो आणि तरीही प्रोसेस नॉन-डेमन थ्रेडची वाट पाहत उभी राहते. वरवर पाहणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅम मेला. प्रत्यक्षात तो जिवंत असतो, मेमरी धरून असतो, पोर्टही अडवून असतो. कंट्रोल-सी दोनदा का दाबावं लागतं त्याचं कारणही हेच. पहिल्याने मेनचा कोड तुटतो, पण शटडाउनमधली वाट सुरू होते. दुसऱ्याने ती वाट तुटते, ‘एक्सेप्शन इग्नोर्ड’ असा संदेश येतो आणि उरलेले नॉन-डेमन थ्रेडही डेमनसारखेच वाऱ्यावर सोडले जातात. फायनलीत इव्हेंट सेट होत असेल तर दुसऱ्यांदा दाबायची वेळच येत नाही.

सर्व्हरवर कंट्रोल-सी नसतो, सिगटर्म, म्हणजे ‘बंद हो’ हा सिग्नल, येतो. पायथन त्याच्यासाठी कोणताही हँडलर लावत नाही, म्हणजे प्रोसेस जागीच मरते: फायनली नाही, अ‍ॅटएक्झिट नाही, शेलमध्ये कोड 143. म्हणून सिग्नल मोड्यूलने हँडलर लावा, तोही मेन थ्रेडमधूनच, इतर थ्रेडमधून लावता येत नाही. हँडलर चालतोही मेन थ्रेडमध्येच. त्यात इव्हेंट सेट करण्याचा मोह टाळा. इव्हेंटच्या आत एक कुलूप असतं, आणि मेन नेमका तेच कुलूप धरून असताना सिग्नल आला तर स्वतःशीच अडकतो. हँडलरमध्ये फक्त सिस-एक्झिट बोलवा; त्यातून सिस्टम-एक्झिट हे एक्सेप्शन मेनमध्ये उठतं, फायनली चालते, आणि इव्हेंट तिथे सेट होतो.

कंटेनरमध्ये आणखी एक गाठ आहे. तिथे तुमची स्क्रिप्ट प्रोसेस क्रमांक 1 असेल आणि सिगटर्मला हँडलर नसेल, तर कर्नल त्या प्रोसेसला सिग्नलची डीफॉल्ट कृती लागूच करत नाही. ती मरत नाही, ऐकतही नाही. डॉकर डीफॉल्ट 10 सेकंद थांबतो आणि सिगकिल, म्हणजे अडवता न येणारा मारण्याचा सिग्नल, पाठवतो, कोड 137. कुबरनेटीस 30 सेकंद देतो, सिस्टमडी डीफॉल्टने 90. तुमच्या जॉइनचे टाइमआउट यांच्या आत बसले पाहिजेत, आणि टाइमआउट थ्रेडमागे एक धरला तर त्यांची बेरीज होत जाते: चार थ्रेड, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे वाईट दिवशी वीस सेकंद. डॉकरच्या दहात ते बसत नाहीत. आधी सगळ्यांचे इव्हेंट सेट करा, मग एकच अंतिम वेळ ठरवून उरलेल्या सेकंदांनी एकेकाला जॉइन करा.

इव्हेंट सेट झाला तरी थ्रेड ऐकेलच असं नाही. तो सॉकेटवर उत्तराची वाट पाहत असेल तर त्याला पायथन हलवू शकत नाही. बाहेरून थ्रेड मारण्याची अधिकृत सोय पायथनमध्ये नाही. सॉकेटला डीफॉल्ट टाइमआउट नाही, रिक्वेस्ट्स लायब्ररीलाही नाही. म्हणून नेटवर्कच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट द्या. थ्रेडची वाट पाहायची असेल तर प्रोग्रॅम बंद व्हायला लागणारा वेळ वाईट दिवशी थ्रेडमधल्या सर्वांत लांब ब्लॉकिंग कॉलइतका असतो.

आपण न बनवलेले थ्रेडही असतात. कंकरंट-फ्यूचर्समधल्या थ्रेड-पूल-एक्झिक्यूटरचे कामगार 3.8 पर्यंत डेमन होते, 3.9 पासून नाहीत. दोन्ही काळात शेवटी त्यांची वाट पाहिली जाते, आणि फक्त चालू असलेलं नव्हे तर रांगेतलं प्रत्येक काम उरकूनच प्रोसेस सुटते. हजार कामं टाकून पन्नासाव्याला कंट्रोल-सी दाबलं तर उरलेली साडेनऊशे चालत राहतात, ती याचमुळे. शटडाउनला कॅन्सल-फ्यूचर्स हा पर्याय ट्रू द्या, तोही 3.9 चाच. रांगेतली रद्द होतात; चालू असलेली मात्र पूर्ण होतात. थ्रेडिंग-टायमर हाही नॉन-डेमन थ्रेड आहे. एका तासाचा टायमर लावून मेन संपला तर प्रोसेस तासभर बसून राहते. कॅन्सल करा किंवा स्टार्टआधी डेमन करा. असिंकआयओच्या टू-थ्रेडमध्ये (अडवून धरणारं काम वेगळ्या थ्रेडवर ढकलणाऱ्या सोयीत) अडकलेल्या कामासाठी असिंकआयओ-रन 3.12 पासून पाच मिनिटांपर्यंत थांबतं. ‘असिंक आहे, मग बंद का होत नाही’ या प्रश्नाचं मूळ बहुतेकदा असा थ्रेडच असतो.

मल्टिप्रोसेसिंगची क्यू सर्वांत फसवी. तिच्यात पुट केलेली वस्तू लगेच पाइपमध्ये जात नाही, चाइल्ड प्रोसेसमधला एक छुपा फीडर थ्रेड ती नेऊन ओततो. पाइप भरला की तो अडतो, आणि चाइल्ड प्रोसेस सगळं ओतून होईपर्यंत संपत नाही. पॅरेंटने आधी जॉइन आणि मग गेट असा क्रम ठेवला तर डेडलॉक ठरलेला. छोट्या डेटावर सगळं सुरळीत चालतं, मोठा डेटा आला की लटकतं. क्रम उलटा करा: आधी सगळं गेट, मग जॉइन.

एक्झिट कोडबद्दलही सावध राहा. बॅकग्राउंड थ्रेडमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन आलं तर ट्रेसबॅक स्टँडर्ड एररवर जातो, तो थ्रेड मरतो, आणि मेन नीट संपला तर प्रोसेसचा कोड 0. क्रॉन आणि सीआय खूश, काम मात्र झालेलं नाही. सिस-एक्झिट थ्रेडमधून बोलावलं तर तेवढाच थ्रेड, तोही गुपचूप, संपतो. म्हणून थ्रेडमधली चूक मेनपर्यंत आणण्याची वाट ठेवा: एक्झिक्यूटरने दिलेल्या फ्यूचरचं रिझल्ट विचारा, किंवा 3.8 पासून असलेला थ्रेडिंगचा एक्सेप्ट-हुक लावून चूक नोंदवा आणि मेनने शेवटी ती पाहून शून्येतर कोड द्यावा.

रुबीचा नियम उलट. मेन संपला की बाकीचे सगळे थ्रेड मारले जातात, जॉइन केलं नाही तर वाट नाही. मात्र मारताना एन्शुअर ब्लॉक (रुबीतली फायनली) चालतात, त्यामुळे ब्लॉक देऊन उघडलेली फाइल बंद होते. पायथनच्या डेमनपेक्षा हे बरंच सभ्य. अ‍ॅट-एक्झिटचे ब्लॉक थ्रेड मारण्याच्या आधी चालतात, म्हणजे तिथून ‘थांब’ सांगून जॉइन करणं सुरक्षित आहे. आणि थ्रेडमधून एक्झिट बोलावलं तर रुबीत पूर्ण प्रोग्रॅम बंद होतो. पायथनमधून रुबीत किंवा उलट कोड नेताना हा फरक हमखास चावतो. पर्लमध्येही कोणत्याही थ्रेडमधलं एक्झिट सगळं बंद करतं, फक्त तो थ्रेड संपवायचा तर थ्रेड्स क्लासचं एक्झिट वापरावं लागतं. जॉइन न करता मेन संपला तर किती थ्रेड चालू होते आणि किती जॉइन व्हायचे राहिले याची आकडेवारी असलेली वॉर्निंग येते. ती वॉर्निंग दाबू नका, जॉइन करा.

नोडमध्ये इव्हेंट लूपला (कामं एकामागून एक उचलणाऱ्या चक्राला) धरून ठेवणारं काही उरलं नाही की प्रोसेस संपते. सेट-इंटर्व्हल, उघडा सर्व्हर, डेटाबेसचा पूल, वर्कर, हे सगळे धरून ठेवतात. टायमरला आणि वर्करला अनरेफ केलं की ते मोजणीतून बाद होतात. हाच तिथला डेमन समजा, त्याच धोक्यांसकट. प्रोसेस-एक्झिट हा शॉर्टकट टाळा. काही प्लॅटफॉर्मवर पाइपमध्ये जाणारं आउटपुट असिंक्रोनस असतं, ते वाटेतच तुटतं. एक्झिट-कोड ही प्रॉपर्टी लावा, हँडल बंद करा, प्रोसेसला आपणहून संपू द्या. वर्करच्या आत प्रोसेस-एक्झिट बोलावलं तर मात्र फक्त तो वर्कर संपतो.

पायथनची स्क्रिप्ट आत्ता समोर लटकलेली असेल तर अंदाज बांधत बसू नका. पाय-स्पाय या बाहेरच्या साधनाचा डंप त्या प्रोसेसच्या क्रमांकावर चालवा. मेन थ्रेड थ्रेडिंगच्या शटडाउनमध्ये दिसला की नॉन-डेमन थ्रेडची वाट चालू आहे, आणि बाकीच्यांपैकी कोण कुठल्या ओळीवर आहे तेही त्याच यादीत असतं. बाहेरचं साधन चालवायची परवानगी नसेल तर मेनच्या शेवटी फॉल्ट-हँडलरचं डंप-ट्रेसबॅक-लेटर 15 सेकंदांवर लावून ठेवा. तोवर प्रोसेस संपली नाही तर सगळ्या थ्रेडचे ट्रेसबॅक स्टँडर्ड एररवर येतात. थ्रेडिंगचं एन्युमरेट छापूनही कळतं, पण थ्रेडना नावं दिलेली असतील तरच. ‘थ्रेड-7’ वरून काही उमगत नाही, म्हणून थ्रेड बनवतानाच नाव द्यायची सवय ठेवा.

राहिला ओएस मोड्यूलमधला अंडरस्कोरवाला एक्झिट. तो प्रोसेस तिथल्या तिथे बंद करतो: जॉइन नाही, अ‍ॅटएक्झिट नाही, फायनली नाही, बफरही फ्लश होत नाहीत. थर्ड-पार्टी लायब्ररीचा थ्रेड काही केल्या ऐकत नसेल आणि जॉइनचा टाइमआउट उलटून गेला असेल, तेव्हा तो वापरायला हरकत नाही. त्याआधी अडकलेल्या थ्रेडचं नाव लॉगमध्ये लिहा, लॉगिंगचं शटडाउन बोलवा, स्टँडर्ड आउटपुट आणि एरर फ्लश करा, आणि त्याला शून्य सोडून दुसरा कोड द्या.